अर्धी नोकरी

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज तीन ओळींचा असतो. इतक्या वर्षांची सेवा पूर्ण झाली आहे, अमुक तारखेपासून निवृत्त होऊ इच्छिते, नियमानुसार तीन महिन्यांची आगाऊ सूचना या पत्राद्वारे देत आहे, खाली सही. माझा अर्ज दिवाळीपासून टेबलाच्या खणात पडून आहे. त्यावर तारीख घातलेली नाही, आणि कारणाच्या जागी पेन्सिलीने लिहिलेले 'कौटुंबिक कारणास्तव' हे शब्द मी दोनदा खोडून पुन्हा लिहिले आहेत. वास्तविक कारण लिहायची काही गरज नव्हती. पण नमुन्यासाठी जो जुना अर्ज हाती आला तो एका बाईंचा होता आणि त्यात हे शब्द होते, म्हणून मीही उतरवले. मी काही वर्षे कर्मचारी विभागात काढली आहेत, त्यामुळे असे अर्ज नजरेखालून पुष्कळ गेले. आठवून पाहिले तर पुरुषांच्या अर्जांत बहुधा 'वैयक्तिक कारणास्तव' असे असायचे. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे. तरी व्यक्ती त्यांच्या वाट्याला आणि कुटुंब आमच्या वाट्याला, ही वाटणी कोणी, कधी करून दिली याचा विचार त्या दिवसापासून मनातून जात नाही.

माझे वय छप्पन्न. १९९१ साली बँकिंग सेवा भरती मंडळाची परीक्षा देऊन एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागले, यथावकाश अधिकारी झाले, मधली तीन वर्षे सोडली तर सगळी नोकरी नाशिक आणि आसपासच्या शाखांत झाली. बँकेच्या पेन्शन नियमांप्रमाणे तेहतीस वर्षांच्या सेवेला पूर्ण पेन्शन बसते, म्हणजे शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी वेतनाच्या निम्मी. माझी तेहतीस होऊन गेली. साठीपर्यंत राहिले तर चार वर्षांचे पगार मिळतील, वेतनवाढीमुळे पेन्शनही थोडी फुगेल. पण सेवेची वर्षे म्हणून तिच्यात आणखी भर पडणार नाही. कागदावरचा हिशेब सांगतो, जा.

आणि थकवा आहेच. संध्याकाळी सातला शाखेतून निघावे, गंगापूर नाक्यावरच्या सिग्नलला उभे असताना गुडघा आतून ठणकावा, घरी आल्यावर सासूबाईंच्या गोळ्या, मग दुसऱ्या दिवशीच्या उसळीचे भिजत घालणे. विमा विकण्याची उद्दिष्टे दर सोमवारी फोनवर येतात. तिशीत मी लेजर, स्क्रोल आणि डे-बुक हाताने जुळवले, चाळिशीत संगणकावरची नवी प्रणाली शिकले, २०१६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात नोटाबंदीच्या रांगा सांभाळल्या. तेव्हा दमले नव्हते असे नाही, पण तो दमा रात्रीच्या झोपेने उतरत असे. आता उतरत नाही.

तरीही अर्ज खणात का राहिला? कारण मला थांबायचे नाही. काम मला आवडते. कर्जाच्या फाइलीतला ताळेबंद वाचून त्यात काय लपवले आहे ते हुडकायला आवडते. नऊ ते दोन कोणी बसू दिले तर साठी काय, पासष्टीपर्यंत बसेन. मला कमी करायचे आहे. पण बँकेत, आणि बँकेतच काय, आपल्याकडच्या कुठल्याही पक्क्या नोकरीत, 'कमी' नावाची गोष्टच नाही. एकतर सगळे, नाहीतर काही नाही. मी आहे तशीच चार वर्षे रेटायची किंवा तीन महिन्यांच्या सूचनेवर एका संध्याकाळी नारळ आणि शाल घेऊन बाहेर पडायचे.

काही नाही असे म्हणताना मी एक गोष्ट विसरत होते, ती नंतर आठवली. अर्धी नोकरी आमच्या नियमांत आहे. द्विपक्षीय वेतन करारांत तिचे कोष्टकच असते: आठवड्याच्या तासांप्रमाणे एक तृतीयांश, अर्धे आणि पाऊण वेतन. फक्त ती शाखा झाडणाऱ्या अर्धवेळ सफाई कामगारांसाठी आहे. माझ्या पहिल्या शाखेत अशा एक बाई होत्या. पहाटे यायच्या, फडके मारायच्या, पाण्याचे माठ भरायच्या, आणि आम्ही आत शिरत असताना त्या बाहेर पडत. अर्ध्या वेतनावर त्यांची बरीच वर्षे गेली. युनियनची माणसे आली की त्या एकच गोष्ट विचारायच्या, "साहेब, माझं पूर्ण कधी करता?" त्या चाळिशीच्या होत्या आणि त्यांना पूर्ण नोकरी हवी होती. मी आज छप्पन्नाव्या वर्षी अर्धी मागते आहे, आणि ती मागायची तर ज्या कोष्टकाकडे बोट दाखवावे लागेल ते त्यांचे आहे. व्यवस्थापनातल्या कोणापुढे हे बोलून दाखवायचे धैर्य मला झाले नाही. हसले असते.

आमच्या पिढीने 'व्हीआरएस' हा शब्द पहिल्यांदा नीट ऐकला तो २००० च्या सुमाराला. सरकारी बँकांनी तेव्हा मोठी योजना आणली. पंधरा वर्षे सेवा किंवा चाळीस वर्षे वय झालेल्यांनी अर्ज करायचा; सेवेच्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचे वेतन, किंवा निवृत्तीला उरलेल्या महिन्यांचे वेतन, जे कमी असेल ते. देशभरातून लाखभर माणसे या योजनेत बाहेर पडली. मी एकतीस वर्षांची होते, मुलगी बालवाडीत होती, आणि मला त्या याद्या टंकलिखित करायचे काम मिळाले होते. शाखेतल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंचे नाव त्यात होते. त्यांना सगळे नुसते 'बाई'च म्हणत. १९७३ ला लागलेल्या, राष्ट्रीयीकरणानंतर भराभर शाखा उघडल्या तेव्हाच्या भरतीतल्या. रोख मोजायला त्यांच्यासारखा हात मी नंतर पाहिला नाही. अठ्ठावीस वर्षे गुणिले साठ दिवस, म्हणजे छप्पन्न महिन्यांचा पगार. त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या. कारण काय, तर मुलाला दुकानाचा गाळा घ्यायचा होता. अर्जात अर्थातच 'कौटुंबिक'.

बाई पुढे मला सार्वजनिक वाचनालयात भेटत राहिल्या. १८४० पासून चालत आलेले ते वाचनालय आमच्या शहराचे एक मोठेच वैभव आहे, आणि निवृत्त माणसांचे दुपारचे हक्काचे ठिकाणही. बाई मात्र पुस्तक बदलून लगेच निघायच्या. एकदा थांबल्या तेव्हा म्हणाल्या, "छप्पन्न महिन्यांचा पगार एका दिवशी घरात आला आणि दोन महिन्यांत गेला. पैसे गेल्याचं काही नाही गं, त्यासाठीच घेतले होते. पण त्याच्याबरोबर माझं रोज साडेनऊला घराबाहेर पडणं पण गेलं, ते मी हिशेबात धरलं नव्हतं." दोन-तीन वर्षांनी त्यांनी रविवार कारंज्याजवळच्या एका पतसंस्थेत दुपारचे चार तास हिशेब लिहायला सुरुवात केली. पगार आमच्या शिपायाच्या पगाराच्या पावपटही नव्हता. रजा नाही, फंड नाही. मला सांगताना मात्र चेहरा उजळला होता. "मिळाली बघ मला अर्धी नोकरी!" तेव्हा मला त्या वाक्याची गंमत वाटली होती. आज ते वाक्य मी निराळे ऐकते. अठ्ठावीस वर्षांच्या पक्क्या नोकरीत जे मिळणे शक्य नव्हते ते पतसंस्थेत मिळाले, कारण तिथे पक्के असे काहीच नव्हते.

दर नोव्हेंबरात आमच्या शाखेत पेन्शनरांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायला येतात. आता बोटाच्या ठशावर किंवा चेहऱ्यावर घरबसल्याही दाखला देता येतो, पण पुष्कळांना शाखेत यायचेच असते आणि मला त्यांचे येणे आवडते. नव्वदीच्या दशकात मी या रांगेच्या टेबलाशी बसले तेव्हा रांगेतल्या बायका जवळपास सगळ्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या असत. नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदावर बायकोचे नाव, अनेकींचा अंगठा. 'जिवंत आहे' एवढेच त्यांनी सांगायचे, तेही मृत माणसाच्या हिशेबात. हळूहळू ती रांग बदलत गेली. जिल्हा परिषदेच्या शिक्षिका आल्या, परिचारिका आल्या, नाशिकरोडच्या छापखान्यातून निवृत्त झालेल्या आल्या, टेलिफोनच्या आल्या. स्वतःच्या नावाची पेन्शन घेणारी बाई सही कशी करते ते पाहण्यासारखे असते. सावकाश, आडनावासकट, खाली रेघ.

टेलिफोनच्या एकदम आल्या त्या २०२० साली. भारत संचार निगमची स्वेच्छानिवृत्ती योजना २०१९ च्या ऑक्टोबरात जाहीर झाली. पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही ती घेता येत होती. झालेल्या प्रत्येक वर्षासाठी पस्तीस दिवसांचे आणि उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी पंचवीस दिवसांचे वेतन. महिनाभराची मुदत. देशभरातून अठ्ठ्याहत्तर हजारांवर लोकांनी ती घेतली आणि ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी ते सगळे घरी गेले. त्यांतल्या एक बाई माझ्या चांगल्या परिचयाच्या झाल्या. ट्रंक कॉलच्या काळात ऑपरेटर म्हणून लागलेल्या; कानाला हेडफोन, रात्रपाळ्या, मनमाड-मालेगाव-धुळे. पुढे एसटीडी आले, ट्रंक बोर्ड गेले, त्यांना कार्यालयात टेबल मिळाले. चौपन्नाव्या वर्षी त्यांनी योजना घेतली. मी विचारले, मग कसे वाटले? त्यांनी बोटांवर मोजून सांगितले: "त्रेपन्न दिवस. एक फेब्रुवारीपासून चोवीस मार्चपर्यंत. रोज दुपारी बाहेर पडायचे. गोदाघाटावर गेले, पंचवटीत मैत्रिणीकडे गेले, एकटी बसमधून वणीला जाऊन आले. मग टाळेबंदी लागली आणि सगळं घरच घरी आलं." मुलगा, सून, दोघांची कार्यालये, नातवाची शाळा, सगळे दोन खोल्यांत. टाळेबंदी उठली तरी त्यांची दुपार काही परत आली नाही; तिला तोवर घराची सवय झाली होती.

हे ऐकूनही मी घरात विषय काढला. नवरात्राच्या सुमारास, जेवताना, सहज म्हणून. "मी विचार करतेय सोडायचा." त्याला एक आठवडा झाला नाही तोच माझे मोकळे होऊ घातलेले नऊ-दहा तास वाटून संपले होते. मुलीचा पुण्याहून फोन: जानेवारीत तारीख आहे, तू असलीस तर बाळाला पाळणाघरात ठेवायचा प्रश्नच नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण फिजिओथेरपीची वेळ सकाळऐवजी दुपारची करून घ्यावी असे त्यांनी मुलाला सुचवले. दुपारी मी असणार होते. सोसायटीच्या चिटणीसपदासाठी विचारणा झाली. मुंबईच्या जाऊबाईंनी २०२७ च्या सिंहस्थाला आठ माणसे घेऊन येण्याचे नक्की केले. मागच्या, २०१५ च्या पर्वणीला मला रजा मिळाली नव्हती म्हणून त्यांनी बेत रद्द केला होता, हे त्या विसरलेल्या नव्हत्या. नवरा म्हणाला, "बरं होईल, दुपारी गरम जेवता येईल." तो वाईट माणूस नाही. भाजी तो चिरतो, वीजबिले भरतो, आईला आंघोळीला उठवून बसवतो. सातपूरच्या एका कारखान्यातून अठ्ठावन्नाव्या वर्षी तो निवृत्त झाला तेव्हा त्याला फक्त एवढेच विचारले गेले की आता काय करणार? मला ते कोणी विचारले नाही. सगळ्यांना माहीत होते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीचे आकडे मी त्याच आठवड्यात काढून वाचले. घरातली विनामोबदला कामे करणाऱ्या बायकांचा त्यांवर जाणारा वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ८८. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे कमी झाली, पुरुषांची नऊ. मी आकड्यांत आयुष्य काढलेली बाई आहे. हा ताळेबंद जुळतो कसा, ते मला कळले नाही. रजेच्या नियमांचेही तसेच. केंद्र सरकारने २००८ पासून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी सबंध नोकरीत मिळून ७३० दिवसांची रजा दिली, चांगलीच गोष्ट केली. ती मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत घेता येते. पण पन्नाशीतल्या बाईचे मूल अठराच्या पुढे गेलेले असते आणि सासू ब्याऐंशीची झालेली असते. त्या वयाच्या माणसाच्या संगोपनाला आपल्या नियमांत शब्दच सापडत नाही. म्हणून मग बाई रजेऐवजी राजीनामा देते आणि कारण लिहिते 'कौटुंबिक'.

माझी एक आतेबहीण गेली वीस वर्षे नेदरलंड्समध्ये, आइंडहोवनला असते. ती माझ्याहून वर्षाने लहान. दोन वर्षांपूर्वी तिने पाच दिवसांचे तीन दिवस करून घेतले. तिकडे २००० सालापासून कायदाच आहे: नोकरदाराने तास कमी करून मागितले तर मालकाला सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. निम्म्याहून जास्त नोकरदार बायका तिथे अशाच अपुऱ्या वेळेच्या नोकऱ्या करतात. मला हेवा वाटला आणि मी तो बोलूनही दाखवला. ती म्हणाली, "अगं, पण पेन्शनही पाचाची तीनच होते. आणि तास कमी करणाऱ्यांत पुरुष किती, ते विचार." तिचा नवरा पाच दिवस जातो. उरलेले दोन दिवस ती काय करते? सोमवारी नातीला सांभाळते. गुरुवारी, म्हणाली, "माझा दिवस". निदान एक गुरुवार तिच्या हाती लागला आहे. तेवढ्यासाठी पेन्शनचे दोन पंचमांश द्यावेत का, हा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला. द्यावेत, असे माझे उत्तर आले. पण मला तो सौदा कोणी देऊ केलेला नाही.

या विषयावर वाचायला काही मिळते का म्हणून मी कपाटे धुंडाळली. मराठी कथा-कादंबरीने बाईच्या नोकरीत शिरण्याबद्दल पुष्कळ लिहिले. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ चे. मालतीबाई बेडेकरांना ते विभावरी शिरूरकर या टोपणनावाने प्रसिद्ध करावे लागले, आणि त्यातल्या शिकलेल्या, मिळवत्या मुलींनी महाराष्ट्र ढवळून काढला. त्यानंतर दोन दगडांवर पाय ठेवणारी, आठ-पाचची गाडी पकडणारी, पाळणाघराच्या दारात घड्याळ पाहणारी बाई पुष्कळदा आली. ती नोकरीतून बाहेर कशी पडते, टेबलाचा खण शेवटचा रिकामा करताना त्यात काय निघते, हे मात्र माझ्या वाचनात क्वचित आले. लेखक म्हणतील, त्यात नाट्य नाही. असेल बुवा.

निरोप समारंभात आमच्याकडे हमखास लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण देतात. नाशिकच्याच, इथून जवळच्या जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या, १९३६ मध्ये नाशिकलाच गेलेल्या. 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपाने येऊ लागले तेव्हा त्यांची पासष्टी उलटली होती. टिळकांनी अर्धवट ठेवलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले तेही रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेल्यानंतरचे. तेव्हा निवृत्तीनंतर तुम्हीही लिहा, छंद जोपासा, असा भाषणाचा शेवट. मला हे उदाहरण ऐकताना अवघडायला होते. लक्ष्मीबाई कुठून निवृत्त झाल्या होत्या? त्यांना पन्नाशीत वैधव्य आले होते. त्यांच्या लिहिण्याला मोकळा वेळ कारण होता असे ते पुस्तक वाचून तरी वाटत नाही. त्या पुस्तकात माणसे सारखी येत-जात असतात, कोणी आजारी असते, कोणाला तरी जेवायला वाढायचे असते. मोकळ्या वेळाचे फळ म्हणून ते वाढदिवसाच्या भेटीसारखे दाखवणे मला पटत नाही. असो.

आता जे सांगायचे ते सांगताना जरा अडखळते आहे.

आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशी साधारण माझ्याच वयाच्या. जन्मतारीख त्यांना सांगता येत नाही; बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची आणि त्या सावलीला झोळीत असायच्या, एवढे सांगतात. पेठ तालुक्यातून लग्न होऊन नाशिकला आल्या, तेव्हापासून घरकाम करतात. गेल्या पावसाळ्यापर्यंत त्यांची सहा घरे होती. गुडघे त्यांचेही दुखतात, सून अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटावर जाते, नातू घरी. गणपतीनंतर त्यांनी दोन घरे सोडली. कोणाला अर्ज दिला नाही, तीन महिन्यांची सूचना दिली नाही; ज्या दोन इमारतींना लिफ्ट नाही ती सोडली. सहाची चार. मी पाहत होते. ज्यासाठी मी वर्षभर झुरते आहे ते त्यांनी एका शनिवारी उरकले होते. उत्पन्न मात्र त्याच शनिवारपासून तिसऱ्या हिश्श्याने खाली आले, आणि पुढे कुठल्याच घरून त्यांना पेन्शन येणार नाही. घरेलू कामगारांसाठी राज्याने २००८ मध्ये कायदा केला, मंडळ नेमले. नोंदणी झालेल्या आणि पंचावन्न पूर्ण केलेल्या बाईला एकदाच दहा हजार रुपये सन्मानधन देण्याची योजनाही आहे. मावशींची नोंदणी नाही. त्यासाठी 'ही बाई आमच्याकडे काम करते' असे घरमालकाचे पत्र जोडावे लागते. ते मी देते म्हणाले होते. तीन वर्षे झाली असतील. रोज पाचपन्नास कागदांवर सह्या करणाऱ्या माझ्याकडून तेवढी एक सही राहून गेली.

डिसेंबरातल्या एका दुसऱ्या शनिवारी मी घरी होते. मावशी ओट्याशी भांडी घासत होत्या. पाठ न वळवता म्हणाल्या, "ताई, तुम्ही घरी बसणार म्हणे."

"कोण म्हणालं?"

"आजी सांगत होत्या." मग थोडा वेळ नुसते पाणी वाहत राहिले. "मग माझं काम ठेवाल का?"

मी "अहो, असं काय विचारता" असे काहीतरी म्हणाले. पण मावशींना माहीत नव्हते ते मला माहीत होते. अर्जाच्या खाली, त्याच खणात, एक आकडेमोडीचा कागद आहे. डावीकडे कमी होणारी मिळकत, उजवीकडे कमी होणारा खर्च: पेट्रोल, कार्यालयातला चहा-नाश्ता, साड्यांची इस्त्री, आणि चौथ्या ओळीत 'कामवाली २५००'. माझ्या अक्षरात. लिहिताना हात जराही थांबला नव्हता. घरी असलेली बाई भांडी घासू शकते, हे मला कोणी सांगावे लागले नाही. इतरांनी माझे तास वाटून घेतले म्हणून मी चिडले होते, पण पहिली वाटणी त्या कागदावर मीच केली होती. आणि ती करताना एका बाईच्या चार घरांतले एक घर काढून घेतले होते.

मी विचारले, "मावशी, दोन घरं सोडलीत तेव्हा आमचं का नाही सोडलंत?"

"तुमचं खाली आहे, जिना नाही." मग हसल्या. "आणि तुम्ही नसता ना घरी. आजी बोलतात, पण मागे मागे फिरत नाहीत. माझं मी करते."

याला काय उत्तर द्यायचे? मी म्हटले, मी घरी असले तरी मागे फिरणार नाही. त्यांनी मान डोलवली; त्या मान डोलवण्याचा अर्थ नोकरदाराला बरोबर समजतो, साहेबाने आश्वासन दिल्यावर आपणही तशीच डोलावतो.

मग त्यांनीच बोलणे पुढे नेले. नातवाला बालवाडीत घालायचे आहे, सकाळी त्याला सोडून यायला उशीर होईल. तेव्हा भांडी रोज, पण फरशी एक दिवसाआड चालेल का? पैसे त्या मानाने कमी करा. किती कमी, ते मी ठरवावे असे त्यांचे म्हणणे होते, आणि मी ठरवू शकले नाही. पंचवीसशेतले भांड्यांचे किती, फरशीचे किती? निम्मी फरशी म्हणजे निम्मे पैसे की त्याहून जास्त, कारण यायचे-जायचे तर रोज तेवढेच? रजा पडली तर ती फरशीच्या दिवसाची धरायची की नुसत्या भांड्यांच्या? चौतीस वर्षे वेतनपत्रके पाहिलेली मी स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसून बोटे मोडत होते. शेवटी मी म्हटले, दोन हजार. त्या म्हणाल्या, "बावीसशे करा ताई. आणि रविवार मला पूर्ण मोकळा पाहिजे, भांडीपण नाही."

मी बावीसशे कबूल केले, रविवारही. आतल्या खोलीतून कागद आणला आणि मंडळाच्या नोंदणीचे ते पत्र तिथेच लिहून दिले. त्यांचे पूर्ण नाव मला त्यांनाच विचारावे लागले. मावशींनी ओला हात पदराला पुसून पत्र चार घड्या करून कमरेच्या पिशवीत ठेवले, आणि राहिलेला कुकर घासायला घेतला.

आकडेमोडीच्या कागदावरची चौथी ओळ मी खोडली आहे. अर्ज अजून खणातच आहे. कारणाची पेन्सिल पुसून टाकली, तिथे तूर्त काही लिहिलेले नाही.